हात उजवा, डोळा डावा

आपल्या घरांतून उजव्या हाताला जो मान आहे, तो डाव्याच्या वाट्याला कधीच आला नाही. नैवेद्य दाखवावयाचा तो उजव्या हाताने, तीर्थ घ्यावयाचे ते उजव्या हाताने, आणि नव्या सुनेने माप ओलांडावयाचे तेही उजव्या पायाने. भाषेनेही हाच पक्षपात चालविला आहे. सरस ते ‘उजवे’ आणि कमअस्सल ते ‘डावे’. परंतु माणसाला हात जसे दोन, तसे डोळेही दोनच. आणि त्या दोघांतही एक पुढारी व दुसरा त्याच्या मागून चालणारा असतो, ही गोष्ट मात्र वडीलधाऱ्यांच्या नजरेतून सुटली. सुटली हे एका अर्थी बरेच झाले. नाही तर हातांप्रमाणे डोळ्यांनाही वळण लावण्याचा उद्योग घरोघरी सुरू झाला असता!

आपला पुढारी डोळा कोणता, हे पाहण्यास दवाखान्यात जावे लागत नाही. दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांच्या मध्ये रुपयाएवढे भोक ठेवावे आणि त्यातून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, समोरच्या भिंतीवरील घड्याळ पाहावे. मग एकेक डोळा मिटावा. जो मिटल्यावर घड्याळ नाहीसे होते, तो आपला पुढारी डोळा. डोळ्यांमधील हा भेद नेपल्सच्या जिआंबातिस्ता देल्ला पोर्ता या पंडिताने 1593 साली आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवला आहे. म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ तो विद्वानांस ठाऊक आहे. पण आमच्या माजघरात तो पोहोचला तो अगदी अलीकडे, आणि तोही एका रायफलीच्या मागून.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. पुढारी डोळा म्हणजे अधिक तीक्ष्ण डोळा नव्हे. दोन्ही डोळे सारखेच निर्दोष असतानाही, दोघांच्या साक्षीत तफावत पडली म्हणजे मेंदू एकाची साक्ष ग्राह्य धरतो, इतकेच. शिवाय हाताचा आणि डोळ्याचा मेंदूशी असलेला संबंधही एकसारखा नाही. उजव्या हाताचा कारभार मुख्यतः मेंदूचा डावा भाग पाहतो; परंतु प्रत्येक डोळ्याकडून निघणारे तंतू अर्धे एका बाजूस व अर्धे दुसऱ्या बाजूस जातात. तेव्हा हात उजवा म्हणून डोळाही उजवाच असला पाहिजे, असा काही निसर्गाचा दंडक नाही. उजव्या हाताने सर्व कामे करणाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश माणसांचा डावा डोळा पुढारी असतो. त्यांपैकी बहुतेकांना हे जन्मभर कळतही नाही. कारण लिहिताना, लाटताना, सुईत दोरा ओवताना या विसंगतीची अडचण अशी भासतच नाही.

ती भासते नेम धरताना. नेमबाजीच्या रायफलीला मागे एक बारीक छिद्र असते व नळीच्या टोकाशी एक कडे असते. छिद्रातून कडे पाहावयाचे आणि कड्यातून दूरचे काळे वर्तुळ. तिन्ही गोल एकात एक बसले म्हणजे चाप हलकेच दाबावयाचा. दस्ता उजव्या खांद्याला टेकविला की उजवा गाल त्यावर विसावतो आणि छिद्रासमोर आपोआप उजवा डोळा येतो. ज्याचा डावा डोळा पुढारी आहे, त्याची पंचाईत येथूनच सुरू होते. छिद्रातून पाहावयाचे काम ज्याच्याकडे आले, त्याचे मेंदू ऐकत नाही. आणि ज्याचे ऐकतो, तो रायफलीच्या बाजूने उघड्यावर भलतेच काही पाहत असतो. चित्रे एकावर एक येतात, मान नकळत दस्त्यावरून पलीकडे झुकू लागते, आणि थोड्याच वेळात डोके दुखू लागते. छऱ्याच्या बंदुकीने उडती तबकडी टिपणाऱ्यांची अडचण तर याहून मोठी. तेथे मागचे छिद्र नसते आणि दोन्ही डोळे उघडे ठेवावे लागतात; उजव्या खांद्यावरच्या बंदुकीचा नेम डाव्या डोळ्याने धरला गेला की बार लक्ष्याच्या डावीकडे जातो. अशा गिऱ्हाइकांसाठी इंग्लंडमधील बंदुका बनविणाऱ्या कारागिरांनी मुद्दाम वाकडे दस्ते घडविले होते.

आमच्या घरी हा विषय आला तो धाकट्या पुतणीमुळे. अंजली भागवत 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेल्या, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्यूनिकला जगज्जेत्या झाल्या, आणि 2024 साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले. तेव्हापासून मराठी घरांतून मुलीला नेमबाजीस पाठविणे ही काही जगावेगळी गोष्ट राहिलेली नाही. तेरा वर्षांची ही मुलगी शाळा सुटल्यावर एअर रायफल शिकावयास जाई आणि सोबत म्हणून मी जात असे. बसून बसून कंटाळा आला म्हणून वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मीही रायफल हाती घेतली. या खेळात अंतर दहा मीटरांचे. लक्ष्याच्या मधोमध दहा गुणांचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याहूनही तो लहान. साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल उभ्याने पेलून पाऊण तासावर अर्धा तास, म्हणजे पंचाहत्तर मिनिटांत साठ बार काढावयाचे. तेथे डोळ्याची किंचित कुरकुरही लपत नाही.

मुलीची कुरकुर प्रशिक्षिकाबाईंच्या लक्षात आली. आठ महिने नियमाने येऊनही तिचे छरे एका जागी जमत नव्हते. बाईंनी तिला हातांच्या भोकातून पाहावयास लावले आणि निदान एका मिनिटात झाले. मीही तेच करून पाहिले. निकाल तोच! उजव्या हाताच्या आम्ही दोघी, आणि दोघींचाही पुढारी डोळा डावा.

बाईंनी तीन मार्ग सांगितले. पहिला, खांदा बदलावयाचा. म्हणजे डोळा सांगेल तिकडे हाताने जावयाचे. दुसरा, खांदा उजवाच ठेवून डाव्या डोळ्यासमोर एक अर्धपारदर्शक पट्टी लावावयाची. डोळा मिटून भागत नाही. कारण मिटलेल्या पापणीचा ताण साऱ्या चेहऱ्यावर येतो, आणि एका डोळ्याकडे जाणारा प्रकाश अडला की दुसऱ्याची बाहुलीही विस्फारते व कड्याची रेघ पुसट दिसू लागते. पट्टीतून उजेड येतो, चित्र येत नाही. म्हणून पुढारी डोळा उघडा राहूनही मध्ये बोलत नाही. तिसरा मार्ग, उजव्या खांद्यावरून डाव्याच डोळ्याने पाहता यावे अशी लोलकाची किंवा आरशाची योजना करावयाची. आंतरराष्ट्रीय नियमांत तिला मुभा आहे. मात्र तीत चित्र मोठे करून दाखविणारे भिंग असता कामा नये. हा मार्ग खर्चाचा व खटपटीचा असल्याने तो क्वचितच कोणी धरतो. लहान वयात, हात अजून फारसा रुळला नसताना, खांदा बदलणे बरे, असे बाईंचे मत पडले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आमच्याकडे सभाच भरली. भाऊजींचे म्हणणे असे की, जिल्ह्याची स्पर्धा तीन महिन्यांवर आली असता आठ महिन्यांची मेहनत पाण्यात का घालावी? शिवाय केंद्रात डाव्या खांद्याची रायफल एकच, तीही दुसऱ्या एका मुलाबरोबर वाटून घ्यावी लागणार. पुढेमागे स्वतःची घ्यावयाची म्हटली तर तो खर्च पेलणार कोणाला? त्यांचे बोलणे गैरवाजवी नव्हते. जाऊबाईंना वेगळीच काळजी. डावा हात पुढे करण्याची सवय लागली की मुलगी पानावरही डावाच हात पुढे करील, असे त्यांना वाटले. मुलगी खाली मान घालून बसली होती. उजव्या खांद्याने ती निदान स्पर्धेला उभी राहू शकत होती. डाव्याने तिला पुन्हा श्रीगणेशा गिरवावा लागणार होता.

इतका वेळ सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. त्या जन्मतः डावखुऱ्या. पाटीवर डाव्या हाताने पहिले अक्षर काढले तेव्हा त्यांच्या वडिलांनी तो हात ओच्यात बांधून ठेवावयास लावला होता, हे आम्ही कधीतरी ऐकलेले. आज त्यांचे अक्षर उजव्या हाताचे आहे. पण विळीवर भाजी चिरताना आणि सुई धरताना डावाच हात पुढे येतो. त्या शांतपणे म्हणाल्या, “माझा हात बांधला तेव्हा मला कोणी विचारले नाही. हिचे आणखी काही बांधण्याआधी हिला तरी विचारा. आणि तिलाही आजच्या आज सांगता येणार नाही. दोन्ही खांद्यांनी करून पाहू दे.”

मग तसेच ठरले. बाईंनी तीन आठवडे पट्टी लावून उजव्या खांद्याने व तीन आठवडे डाव्या खांद्याने सराव करविला. प्रत्येक दिवसाचे कागद तारीख घालून जपून ठेवले. त्याआधी दोन्ही डोळे डॉक्टरांकडून तपासून घेतले. पुढारी डोळाच अधू निघता तर हिशेब निराळा करावा लागला असता. पट्टीने तिची डोकेदुखी थांबली आणि छरेही जवळ आले. डाव्या खांद्याचे पहिले कागद पाहून भाऊजींनी नुसता सुस्कारा सोडला. परंतु तिसऱ्या आठवड्याअखेर मुलगी म्हणाली, “काकू, डाव्या बाजूने मला कडे शोधावे लागत नाही. ते तिथे असतेच.” हे वाक्य सर्व कागदांपेक्षा बोलके होते. तिने डावा खांदा पत्करला. त्या वर्षीची स्पर्धा हुकली, आणि स्पर्धेच्या दिवशी ती खोलीतून बाहेर आली नाही, हेही सांगितले पाहिजे. पूर्वीच्या गुणांशी बरोबरी करावयास तिला पाच महिने लागले. त्यानंतर मात्र ती पुढे सरकू लागली आहे. चमत्कार झाला नाही. वाट तेवढी मोकळी झाली.

आणि मी? मी उजव्याच खांद्यावर राहिले. माझा डावा खांदा काही वर्षांपूर्वी आखडला होता. हात वर नेताना त्यात अजून कळ येते. शिवाय चाळीस वर्षांच्या सवयी अंगात मुरल्या आहेत. मला पट्टी पुरते. तिच्या आडून माझा डावा डोळा उजेडाकडे पाहत मुकाट बसतो आणि उजवा आपले काम करतो. विसंगती एकच, घर एकच, पण तोड दोन. तेरा वर्षांच्या मुलीला जे हितावह ते सेहेचाळिशीच्या बाईला हितावह असेलच असे नाही; आणि बाईला पुरले म्हणून मुलीने तेवढ्यावर भागवावे, हेही न्यायाचे नाही.

माणूस वेळ पडली तर किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण हंगेरीच्या कारोय ताकाच याने घालून दिले आहे. हा सैन्यातला पिस्तुलाचा नेमबाज. 1938 साली हातबाँबच्या स्फोटात त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताला शिकविले आणि 1948 साली लंडनला व 1952 साली हेलसिंकीला, जलद पिस्तूल नेमबाजीत दोन वेळा सुवर्णपदक मिळविले. अशी पराक्रमाची गोष्ट ऐकली की मुलांना सांगावेसे वाटते, “पाहा, मनात आणले तर काय होत नाही!” परंतु ताकाचला पर्याय उरला नव्हता, म्हणून त्याने हात बदलला. ज्याच्यापुढे पर्याय आहेत, त्याच्यावर दुर्दैवाची ही सक्ती आपण हौसेने का लादावी?

आपल्याकडे अर्जुनाला सव्यसाची म्हणतात. दोन्ही हातांनी धनुष्य ओढण्यात तो सारखाच निष्णात होता. झाडावरच्या पक्ष्यावर नेम धरण्यापूर्वी ‘तुला काय दिसते?’ असे द्रोणाचार्यांनी त्याला विचारले. ही कथा आपण एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतो. मला अलीकडे तीत दुसरेही काही दिसू लागले आहे. बाण सोडण्याची आज्ञा करण्यापूर्वी गुरूने शिष्याला प्रश्न विचारला होता, आणि उत्तर मिळेपर्यंत वाट पाहिली होती.

एकत्र कुटुंबातही व्यवहार पाहणारा हात एकाचा असतो व दूरचे पाहणारा डोळा पुष्कळदा दुसऱ्याचाच. दोघे एका बाजूचे नसले म्हणून घर मोडत नाही. डोळ्याला काय दिसते हे हाताने विचारीनासे झाले म्हणजे मोडते. मुलांना वळण जरूर लावावे. ते आपले कर्तव्यच आहे. पण वळण लावण्यापूर्वी त्यांचा मूळचा कल कोणीकडे आहे, हे तळहातांच्या भोकातून एकदा पाहून घ्यावे. त्याला एक मिनिट पुरते, आणि पैसा लागत नाही.