नाद

देहूरोड

चि. सायलीस,


दादाच्या टेम्पोचा फोटो पाहून तू विचारलंस, मागच्या फळीवर ‘नाद एकच, बैलगाडा शर्यत’ असं का लिहिलंय? नाद म्हणजे आवाज ना? गाण्याच्या क्लासात शिकलीस ते खरंच आहे. पण आपल्या मावळ-खेडकडे हा शब्द आवाजापेक्षा माणसांबद्दलच जास्त वापरतात. घंटा वाजायची थांबली तरी कानात घुमत राहते, तसं एखादी गोष्ट डोक्यातून जातच नाही, तेव्हा म्हणायचं, त्याला नाद लागला.

हौस सणासुदीला पुरवून घेता येते, छंद रविवारी जोपासता येतो. नादाला वेळकाळ नाही आणि हिशेब तर नाहीच. गाड्याचा नाद असलेल्या घरात नांगरट ट्रॅक्टरने होते, निम्मी जमीन चाकणच्या कंपन्यांत गेलेली असते, तरी गोठ्यात खिल्लार बैल असतोच. त्याला शेतीचं काम नसतं. त्याचा खुराक घरातल्या पोरांच्या आधी निघतो. यात्रेत घाटावर, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, चार बैलांचा गाडा सुटतो, पुढे घोडी पळते, निवेदक ‘भिर्रर्र’ म्हणून ओरडतो आणि काही सेकंदांत बारी, म्हणजे ती एक धाव, संपते. त्या सेकंदांसाठी वर्षभर राबायचं. निमगावच्या खंडोबाचा घाट पाहिलास की शब्द आपोआप कळेल.

2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला, तोही न्यायालयात अडकला. शेवटी 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली. इतकी वर्षं बैल नुसते दावणीला बांधून पोसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना व्यवहार कळत नव्हता असं नाही. पण बैलांच्या हालांबद्दलची न्यायालयाची चिंताही रास्त होती, हे मी ठामपणे म्हणेन. शेपटी पिरगाळून, टोचणी लावून बैल पळवणाऱ्याला बैलाचा नाद नसतो, बक्षिसाचा असतो.

शब्दाची खरी गंमत तो कोण उच्चारतो यात आहे. ‘त्याच्या नादी लागू नकोस’ असं आई म्हणते तेव्हा वाईट संगतीची भीती असते. ‘आपला नाद करायचा नाय’ असं पोरं म्हणतात तेव्हा ते आव्हान असतं, आमच्या वाटेला जाऊ नका. आणि कोल्हापूरकडून आलेलं ‘नाद खुळा’ म्हणजे शाबासकी. तक्रार, धमकी आणि कौतुक, तिन्ही या दोन अक्षरांत.

आपल्या शेजारच्या देहूतच बघ. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, वाण्याचं दुकान होतं. विठ्ठलाचा नाद लागला आणि परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. जग आज त्यांना डोक्यावर घेतं. पण तेव्हा घरात चूल पेटवायची होती ती त्यांच्या बायकोला, जिजाईला. तिला भांडखोर म्हणून रंगवतात ते मला मुळीच पटत नाही. भंडारा डोंगर चढून नवऱ्याला भाकरी नेऊन देणाऱ्या बाईचा राग हा त्या नादाचाच हिशेब होता, आणि तो तिने एकटीने भरला. नाद एकाला लागतो आणि किंमत घर मोजतं, म्हणून घरात हा शब्द कुरकुरीत येतो आणि गावात अभिमानाने.

हे इतकं लिहिलं त्याला कारण आहे. परवा तुझी आई म्हणाली, “सायलीला त्या प्रयोगशाळेचा नादच लागलाय, दोन-दोन आठवडे फोन नाही.” मला ऐकून बरं वाटलं. असा नाद लागल्याशिवाय मोठं काम होत नाही आणि तुझा नाद चांगला आहे, तो सोडू नकोस. पण तिच्या बोलण्यातली कुरकुरही खरी आहे. इथल्या रविवारी सकाळी, तुझ्याकडे कितीही वाजले असोत, तिला फोन करत जा.

तुझा,
काका