रावणाने रामाला मारले?

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण मी दिलेले एक शून्य अजून डोक्यातून जात नाही.

१९८४ साल असावे. आठवीच्या पेपरात 'रावणाला रामाने मारले' याचे इंग्रजी भाषांतर विचारले होते. एका मुलाने लिहिले, 'रावण किल्ड राम'. मी लाल शाईने शून्य दिले. वर ते उत्तर वर्गात वाचूनही दाखवले! पोरे खो खो हसली. तो मात्र मान खाली घालून बसला.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेला. 'आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म' हे पाठ होते. का, ते कधी विचारले नाही.

आपल्याकडे 'ने' आणि 'ला' शब्दाला चिकटून असतात. राम पुढे ठेवा की मागे, मारणारा तोच. इंग्रजीत मारणारा कोण हे शब्दाची जागा सांगते. हजार वर्षांपूर्वी त्या भाषेतही विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि जागा पक्क्या झाल्या. 'ही'चे 'हिम' होते, ती त्याचीच उरलेली खूण.

हे मला निवृत्तीनंतर वाचताना उमगले. त्या मुलाने मराठीचा क्रम इमानाने जपला होता. उत्तर चूकच होते, पण ते अडाणीपणाचे नव्हते. "इंग्रजीत ने-ला नाहीत, म्हणून जागा बघायची", एवढे एक वाक्य मी सांगायला हवे होते.

असो. आता गुण वाढवून देता येणार नाहीत. पण कधी भेटलाच, तर वर्गाला हसवले त्याची माफी मागेन म्हणतो.