गप्प इंजिन

वारणाकाठची थंडी ही काही थंडी नव्हे, असं बाहेरची माणसं म्हणतात. पारा उतरला तरी फार तर बारा-तेरा अंशांवर येतो. पण ऊस हंगामात कारखान्याच्या गाडीतळावर जागा उरत नाही आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. त्या रांगेत रात्र काढणाऱ्या ड्रायव्हरला विचारावं, थंडी म्हणजे काय ते. नंबर लागेपर्यंत ही माणसं रस्त्याकडेला पाचट पेटवून बसतात, अंगावर वाकळ ओढतात. मी उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गात अशा ड्रायव्हरांची मुलं आहेत. त्यामुळे गाडीत अडकलेल्या माणसानं ऊब कुठून आणावी, हा प्रश्न मला परका नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये तो माझ्याच घरच्या माणसांवर येऊन ठेपला.

माझा धाकटा भाऊ चंदीगडला नोकरीला आहे. त्यानं तिथं हायब्रिड गाडी घेतली. पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोटारही. अम्मी त्या हिवाळ्यात त्याच्याकडे राहायला गेली होती. तिनं आयुष्यात बर्फ पाहिला होता तो लग्नातल्या सरबतात. आकाशातून पडणारा बर्फ बघायचा, म्हणून भाऊ, भाभी, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि अम्मी असे चौघं मनालीला निघाले. अम्मीनं इथून नेलेली जुन्या साड्यांची वाकळ सोबत घेतली. भावानं हसून घेतलं, पण घेऊ दिली.

निघण्याआधी मी त्याला फोनवर एवढंच सांगितलं, की टाकी भरून घे आणि मरी विसरू नकोस. मरी हे पाकिस्तानातलं थंड हवेचं ठिकाण. जानेवारी २०२२ मध्ये तिथं बर्फ बघायला गेलेल्या हजारो गाड्या वादळात अडकल्या आणि ७ तारखेच्या रात्रीतून किमान २२ माणसं गाड्यांमध्येच मरण पावली. त्यांत १० मुलं होती. मी उर्दू वर्तमानपत्रांत ते सारं वाचलं होतं. वाचून वाटलं होतं, थंडीनं गोठून गेली असतील. पण नंतर जे सांगितलं गेलं ते वेगळंच होतं. अनेकांनी काचा बंद करून इंजिन आणि हीटर चालू ठेवला होता. बाहेर बर्फ साचत गेला आणि इंजिनाचा विषारी वायू आत भरला. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात महामार्गावर शेकडो गाड्या बर्फात चोवीस तासांहून अधिक काळ अडकल्या होत्या. त्यांत एक सिनेटरही २७ तास होते. तिथं मात्र कुणी दगावलं नाही. बर्फ दोन्हीकडे होता, म्हणजे थंडी एकटी मारत नाही.

२३ डिसेंबरला दुपारी सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान जोराचा बर्फ सुरू झाला. ९ किलोमीटरचा हा बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही पर्यटक पलीकडे लाहौलला जातात. त्या दिवशी परतणाऱ्या गाड्यांची चाकं घसरू लागली आणि सुमारे हजार गाड्या रस्त्यावर खोळंबल्या. आमच्या घरची गाडी त्यांतलीच एक. रात्री आठच्या सुमारास भावाचा फोन आला. मागून अम्मीचा आवाज ऐकू येत होता : "गाडी बंद है, तो गरम हवा किदर से आती?"

सगळ्या रात्रीतला हाच खरा प्रश्न होता. साध्या गाडीत हीटर म्हणजे इंजिनाची फुकट जाणारी उष्णता. इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून जातं आणि पंखा ती ऊब आत फुंकतो. हायब्रिडमध्येही असंच. फरक इतकाच, की गाडी उभी राहिली की इंजिन गप्प होतं. दिवे, पंखा बॅटरीवर चालतात, गरम पाण्याची ऊब काही वेळ पुरते. पाणी निवलं किंवा बॅटरी उतरली, की इंजिन कुणालाही न विचारता सुरू होतं, काही मिनिटं चालतं आणि पुन्हा गप्प होतं. त्यामुळे पेट्रोल कमी जळतं आणि रात्र निभावते. हा मोठाच फायदा. पण धोकाही त्यातच आहे. माणसाला वाटतं, गाडी बंद आहे. तो झोपतो. त्याच्या झोपेत इंजिन जागं होतं, आणि तोवर मागची सायलेन्सरची नळी बर्फात बुडालेली असेल, तर तो वायू गाडीखालून आत शिरतो.

मी त्याला सांगितलं, "आधी उतर आणि नळीभोवतीचा बर्फ काढ. दर अर्ध्या तासानं काढ. वारा नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेव. हीटर थोडा वेळ लाव, गाडी तापली की बटण दाबून पूर्ण बंद कर. 'रेडी' दिवा विझलेला दिसला पाहिजे. तो पेटलेला असेल तर इंजिन कधीही सुरू होईल. आणि तुम्हा दोघांतलं एक जण जागं राहा."

काच उघडायची म्हटल्यावर अम्मी चिडली. तिला दमा आहे, गार वारा सोसत नाही. "इतनी थंडी में खिडकी खोलने को बोलती?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी इथं रजईत बसून तिला गार हवा घ्यायला सांगत होते. मी म्हटलं, "अम्मी, तोंडाला ओढणी गुंडाळा, पण काच उघडी राहू दे." माणूस नुसता बसला तरी त्याच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. मागच्या सीटवर पोरीला मध्ये घेऊन अम्मी आणि भाभी वाकळीत शिरल्या. भाऊ जेवणाच्या डब्याच्या झाकणानं बर्फ उपसत राहिला. दर फेरीनंतर त्याचा फोन यायचा आणि मी आधी विचारायची, "कुणाचं डोकं दुखतंय का? मळमळतंय का?" पोलीस एकेक गाडी खाली काढत होते. मध्यरात्रीनंतर यांची पाळी आली. अम्मीला दोन दिवस खोकला झाला, त्यापलीकडे काही नाही. अल्लाहचा शुक्र.

सुट्टीनंतर हे मी वर्गात सांगितलं. उर्दूत धुआँ म्हणा की मराठीत धूर, शब्द ऐकताच डोळे चुरचुरतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून छातीत हवा असूनही शरीर उपाशी राहतं. एका मुलानं विचारलं, "आपा, दिखता नहीं, बास नहीं आती, तो मालूम कैसे पडेगा?" मी म्हटलं, "आपल्या नाकाला कळत नाही. म्हणून तर खिडकी आधी उघडायची."

मागच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर टेबलाशी आली. तिचे अब्बा ट्रक चालवतात. थंडीत केबिनची काच लावून, इंजिन चालू ठेवून झोपतात, असं तिनं हळूच सांगितलं. फळ्यावर लिहिलेलं सगळं तिनं एका कागदावर उतरवून घेतलं होतं. फक्त तिला एक अडचण होती. "अब्बा को उर्दू नहीं आती, आपा. मराठी में लिख के देते क्या?"

मी तिथंच उभ्याउभ्या तिला मराठीत लिहून दिलं.