दोन मिनिटे

२५ फेब्रुवारी २०१९ हा दिवस आमच्या घरात वेगळ्या कारणाने लक्षात राहिला आहे. त्या सोमवारी मुंबईत विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी पुलवामात मारल्या गेलेल्या जवानांना श्रद्धांजली वाहिली. त्याच दिवशी दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. आणि त्याच दिवशी भोरमध्ये, आमच्या घरात, एका फोटोवरून भांडण झाले.

आधी घराविषयी थोडे सांगतो. आमचे घराणे वेल्ह्याच्या बाजूचे, मुलाण्याचे. जत्रेला बोकडावर कलमा पढायचा, बलुत्याचे भात घ्यायचे आणि तोरण्याच्या पायथ्याशी चार वाफे कसायचे, एवढीच आमची मिळकत. हा सगळा मुलूख तेव्हा भोर संस्थानचा. पंतसचिवांच्या राज्यात पाच तालुके होते आणि पवनमावळ सोडला तर बाकीचे किल्ल्यांच्या नावाचे : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ. प्रचंडगड म्हणजे आपला तोरणा. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचे ठरवले, तेव्हा पुष्कळांना ते नवे वाटले. आमच्या घरच्या जुन्या कागदांना ते नवे नव्हते.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. त्याच साली अब्बांचा जन्म. अठरा वर्षांचे झाले तसे ते फौजेत गेले. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर. शक्तिमान ट्रक चालवायचा. रसद, दारूगोळा, कधी माणसे वाहायची. हवालदार होऊन परत आले, भोरला घर केले आणि गॅरेज टाकले. ते आता आमचा धाकटा भाऊ चालवतो. अब्बांचा वर्दीतला एकच फोटो होता. तो आतल्या खोलीत, अम्मीच्या ट्रंकेच्या वर टांगलेला असे.

पुलवामाची घटना १४ फेब्रुवारीची. राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. त्यांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातले नितीन राठोड. सगळ्या महाराष्ट्राप्रमाणे आमच्याकडेही संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन माणसे निघाली. आम्हीही गेलो. रांगेत कोणी आम्हाला काही बोलले नाही, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी गॅरेजवर वर्षानुवर्षे येणाऱ्या एका गिऱ्हाईकाने गाडीची चावी पुढे करताना सहज विचारले, "मग, तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे?"

तो माणूस वाईट नव्हता. त्याला उत्तर हवे होते असेही नाही. पण भावाच्या हातातला पाना तिथेच थांबला. आपण रात्री मेणबत्ती घेऊन चाललो ते या माणसाने पाहिले होते, तरी सकाळी आपले म्हणणे वेगळे मागितले जाते, हे त्याला लागले.

त्या आठवड्यात त्याने दोन गोष्टी केल्या. वर्तमानपत्रात ४० नावांची यादी आली होती. तिच्यात राजौरी जिल्ह्यातल्या नसीर अहमद यांचे नाव होते. भावाने त्या नावाभोवती लाल पेनाने गोल काढला आणि ते पान गॅरेजच्या काउंटरवर काचेखाली सरकवले. मग आतल्या खोलीतला अब्बांचा फोटो काढून गॅरेजच्या दर्शनी भिंतीवर, अगदी रस्त्यावरून दिसेल असा लावला.

आम्हाला त्यात वावगे वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. आपण सगळे हेच करत आलो आहोत. शाळेत असताना पंधरा ऑगस्टच्या भाषणांचे विषय वाटले जात. कोणाला टिळक, कोणाला फुले, कोणाला भगतसिंग. आम्हा भावंडांना दरवर्षी एकच विषय येई : अब्दुल हमीद. थोरल्याचे भाषण धाकट्याला, धाकट्याचे चुलत भावाला. १० सप्टेंबर १९६५, खेमकरण, जीपवरची तोफ, पॅटन रणगाडे, हे सारे आम्हाला तोंडपाठ होते. पुढे त्याच्या जोडीला १९४८ मध्ये झांगडला पडलेले ब्रिगेडियर उस्मान आले आणि १९९९ नंतर तुर्तुकचे कॅप्टन हनीफुद्दीन. कोणी काही विचारले की आम्ही ही तीन नावे खिशातून ओळखपत्र काढावे तशी काढायचो.

त्या सोमवारी अब्बा गॅरेजवर गेले. गुडघे दुखत असल्याने हल्ली ते क्वचितच जात. त्यांनी भिंतीवर पाहिले, काचेखालचे पान पाहिले. मग भावाला म्हणाले, "उतार वो फोटो. मैं क्या दुकान का लायसन है?"

भाऊही चिडला. म्हणाला, "तुम्ही देशासाठी गेलात ते लोकांना कळू नये का?" अब्बांनी त्याला उत्तर दिले नाही. त्यांनी काच उचलली, ते पान काढले आणि लाल गोलावर बोट ठेवून एवढेच विचारले, "बाकी के ३९ कू कायकू छोड्या रे?"

यावर भावाजवळ काही नव्हते आणि आमच्याजवळही नव्हते.

दुपारी घरी जेवणे झाली पण कोणी कोणाशी बोलत नव्हते. टीव्हीवर विधानभवनातल्या बातम्या लागल्या. सभागृहाचा रिवाज आपल्याला माहीत असतो. अधिवेशनाच्या आरंभी शोकप्रस्ताव येतात, बहुधा दिवंगत माजी सदस्यांचे. नाव, जन्म, शिक्षण, कोणत्या मतदारसंघातून किती वेळा निवडून आले ते वाचले जाते, दोन शब्द बोलले जातात, सदस्य स्तब्ध उभे राहतात आणि सभागृहाच्या भावना कुटुंबीयांना कळवल्या जातात. त्या दिवशी ते जवानांसाठी उभे होते. आम्ही आपले बातमी पाहावी तसे पाहत होतो. अब्बा मात्र खुर्चीचा हात धरून उठले आणि उभे राहिले. टोपी सारखी केली. ओठ हलत होते, म्हणजे फातिहा चालला होता. बातमी पुढे गेली, जाहिरात लागली, तरी ते उभेच होते.

भाऊ अजून रागात होता. तो म्हणाला, "दोन मिनिटं उभे राहतात आणि तिसऱ्या मिनिटाला भांडायला लागतात. त्याचं एवढं काय?"

अब्बा सावकाश बसले. म्हणाले, "दो मिनिट कम नहीं होते. खड़े रहनेवाला खरा होना." मग थोड्या वेळाने म्हणाले, "हमारे वाले के वास्ते कौन खड़ा रह्या था, किसकू मालूम."

हमारे वाले म्हणजे कोण ते आम्हाला ठाऊक होते, पण पूर्ण हकीकत त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. अब्बांच्या कंपनीत वेल्ह्याच्याच खोऱ्यातला एक मराठ्याचा मुलगा होता. तोही ड्रायव्हर. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्वेच्या आघाडीवर रस्त्यात पेरलेल्या सुरुंगावर त्याची गाडी गेली. पुढची गाडी त्याची होती, मागची अब्बांची. त्या काळी पार्थिव गावी सहसा येत नसे, अंत्यसंस्कार तिकडेच होत. कारगिलपासून तिरंग्यातल्या शवपेट्या गावोगाव येऊ लागल्या. १९७१ मध्ये घरी आली ती तार, आणि काही महिन्यांनी काळी ट्रंक. गाववाला म्हणून ती पोचवायचे काम अब्बांवर आले.

भोरहून एसटीने चेलाडी, तिथून वेल्ह्याच्या रस्त्याला दुसरी गाडी, मार्गासनीच्या पुढे ट्रंक डोक्यावर. दारात आई उभी होती. तिने ट्रंकेकडे पाहिले नाही. म्हणाली, "आधी जेव." नाचणीची भाकरी, वरण, भात. अब्बांचे जेवण होईपर्यंत ती समोर बसून राहिली. मग तिने एकच प्रश्न विचारला, "त्यानं शेवटचं काय खाल्लं होतं?"

अब्बा म्हणाले, "लंगरची पुरी-भाजी. पोटभर."

ते खोटे होते. आदल्या संध्याकाळपासून ताफ्यात कोणाच्याच पोटात काही नव्हते. हे त्यांनी ४७ वर्षे कोणाला सांगितले नव्हते, अम्मीलाही नाही. त्या घराशी आमचे येणे-जाणे का होते, ईदला पहिला शिरखुर्मा वेल्ह्याला का जाई आणि सुगीत तिकडून आंबेमोहोराचे पोते का येई, हे आम्हाला तेव्हा उमगले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आम्ही अब्बांना दिल्लीला नेले. युद्धस्मारकात स्वातंत्र्यानंतर देशासाठी पडलेल्या सैनिकांची नावे दगडांवर कोरली आहेत. उद्घाटनाच्या वेळी ती २५,९४२ होती. हा आकडा वाचून काही कळत नाही. त्या गोल भिंतींमधून चालू लागले की कळते. नाव सापडायला वेळ लागला. सापडले तेव्हा अब्बांनी त्यावरून हात फिरवला, जसा ते पोरांच्या डोक्यावरून फिरवत. मग शेजारच्या नावावरून, मग त्याच्या शेजारच्या. आमच्याने पुढे पाहवेना. पुलवामातल्या ४० जणांची नावे तिथे नाहीत, कारण राखीव पोलीस दल लष्करात मोडत नाही, ते गृहखात्याखाली येते. पोलीस दलांचे स्मारक दिल्लीतच, चाणक्यपुरीत आहे. अब्बा फौजी, त्यांना हा फरक चांगला माहीत होता. "बॉम्ब कू खाता नहीं समजता," एवढेच ते म्हणाले.

इंडिया गेटवर ते जास्त वेळ थांबले. त्याला कारण होते. अब्बांच्या आजोबांचे भाऊ पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. तेव्हाच्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. घरात उरले ते एवढेच : माणूस, पलटण, बसरा. त्यांची बायको अब्बांच्या लहानपणी हयात होती. रमजानात कोणी खजूर आणली की ती आधी विचारी, "कहाँ की है?" बसऱ्याची म्हटले की हात मागे घेई आणि पाण्याने रोजा सोडी. तिला कुणी कबर दाखवली नाही की नाव दाखवले नाही.

दाखवायला नाव होतेच कुठे? बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. पण गोऱ्या शिपायाचे नाव कोरले आणि हिंदी शिपायाचा फक्त आकडा : अमुक पलटण, इतके. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या समितीने हा भेदभाव झाल्याचे मान्य केले. ती बातमी आम्ही अब्बांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दादी कू बताना चाहिए था."

शहीद हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. शहादत म्हणजे साक्ष, हे मदरशात जाणाऱ्या लहान पोरालाही ठाऊक असते. विशेष असे की हा शब्द सभागृहांत, फलकांवर, चौकाचौकात रोज वापरला जातो, पण सरकारी दप्तरात त्याला व्याख्या नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत तसे सांगितले. आम्हाला यात खंत वाटत नाही. साक्ष द्यायची ती मेलेल्याने नव्हे, मागे राहिलेल्याने. तो कोण होता, कोणाचा होता, शेवटच्या दिवशी उपाशी होता, हे कोणीतरी सांगायचे असते. आम्ही मात्र मेलेल्यांना आमच्या बाजूने साक्षीला उभे करत होतो. हमीद, उस्मान, हनीफुद्दीन यांनी आमच्या निष्ठेचा दाखला म्हणून प्राण दिले नव्हते. नसीर अहमद यांच्या घरातही त्या रात्री चूल पेटली नसेल, मलकापुरात आणि लोणारकडे पेटली नसेल तशीच. आम्ही लाल गोल काढला तेव्हा त्यांना ४० जणांतून उठवून आमच्या गॅरेजच्या पहाऱ्यावर बसवले. प्रश्न विचारणाऱ्याने आम्हाला वेगळे काढले होते, हे खरे. पण उत्तर देताना आम्हीही तेच केले.

अब्बा २०२२ च्या पावसाळ्यात गेले. त्यांच्यासाठी शोकप्रस्ताव येण्याचे काही कारण नव्हते; ते घरी परतलेले शिपाई. कब्रस्तानात चिखल होता. भोरचे चार-पाच माजी सैनिक टोप्या घालून आले होते. वेल्ह्याहून त्या ट्रंकवाल्या घरचा पुतण्या आला होता. जनाजाची नमाज सुरू झाली तेव्हा ही मंडळी मागे, भिंतीच्या कडेला, पावसात उभी राहिली. दफन संपून आम्ही वळलो तरी ती तिथेच होती. भाऊ जाऊन त्या पुतण्याच्या गळ्यात पडला आणि पहिल्यांदा रडला.

फोटो आतल्या खोलीत, अम्मीच्या ट्रंकेवर, पूर्वीच्याच खिळ्याला आहे. गॅरेजच्या भिंतीवर आता कॅलेंडर असते. मध्यंतरी एका गिऱ्हाईकाने भावाला पुन्हा तसाच काहीसा प्रश्न विचारला. भाऊ म्हणाला, "बसा, चहा घ्या. गाडीला अर्धा तास लागेल." त्या अर्ध्या तासात त्याने त्याला नाचणीच्या भाकरीची हकीकत सांगितली. अब्दुल हमीदांचे नाव काढले नाही.