जामखेडहून मोटारसायकल नेताना

जामखेडला रेल्वे नाही. नगरहून निघालं की चिचोंडी पाटील, कडा, आष्टी करीत एस.टी.नं नाहीतर मोटारीनं यायचं. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून नगरच बसलंय. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यात, १७९५ च्या लढाईचं खर्डंही इथलंच, आणि पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा हाकेच्या अंतरावर. अशा मुलखात मोटारसायकलीवाचून पान हलत नाही.

मग मुलगा नोकरीला पुण्याला निघाला की त्याची मोटारसायकलही निघते. दारात छोटी एसयूव्ही उभी असते. 'मागे बांधून टाकू की!' असं पुरुषमंडळी सहज म्हणून जातात. पण त्याच गाडीत आपण आणि मुलंबाळं बसणार असतो. तेव्हा मैत्रिणींनो, इथे आपणही तोंड उघडावं.

पहिला प्रश्न वजनाचा. साधी शंभर सीसीची मोटारसायकल एकशेदहा किलोच्या आसपास भरते, बुलेट दोनशेच्या घरात. म्हणजे गव्हाची दोन ते चार पोती! एवढं ओझं गाडीच्या पाठीमागे चौकटीवर लटकवलं तर काय होईल? बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मोटारीचंही तेच. मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंग दगा देतं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात मागे किती भार चालतो ते बघावं. आकडा नसेल तर तो नादच सोडावा.

दोरीनं ओढत नेणं तर मुळीच नको. झटका बसला की दुचाकीवरचा माणूस आडवाच. ओढण्याची मुभा आहे ती बंद पडलेलं वाहन जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरती.

ट्रेलर त्याहून बरा, कारण ओझं त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं. मात्र त्याची नोंदणी हवी, मागचे दिवे चालू हवेत आणि आपली गाडी तो ओढू शकते असं पुस्तकात लिहिलेलं हवं. वजन चाकांच्या किंचित पुढे ठेवावं. मागे गेलं तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे खातो.

एकदाच न्यायची असेल तर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे 'छोटा हत्ती' किंवा पिकअप भाड्यानं करणं. पुण्याहून माल टाकून रिकामा परतणारा टेम्पो मिळाला तर भाडंही कमी पडतं. आपण मागून एसयूव्हीत निवांत यावं. रेल्वेनं पाठवायची तर पार्सलची सोय असलेलं स्टेशन आधी विचारून घ्यावं. टाकी रिकामी करून द्यावी लागते.

बांधताना मात्र समोर उभं राहावं. पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या फळीला टेकवून सरळ ठेवावं. स्टँडवर भरवसा नको. पेट्रोलची तोटी असेल तर बंद करावी. काथ्याची दोरी सैल पडते, म्हणून रुंद पट्टे घ्यावेत: दोन पुढे, दोन मागे, दोन्ही बाजूंना तिरपे ताणून. पुढचे शॉकअप थोडे दबेपर्यंतच आवळावं, पार बसेपर्यंत नको. पट्टा धातूला घासतो तिथे जुन्या चादरीची घडी घालावी. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासावेत.

'बायकांना यातलं काय कळतं' असं कुणी म्हणालं तर जामखेडचंच उदाहरण द्यावं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या गावच्या बायकांनी गावाचं आरोग्य सांभाळलं, तिथे चार पट्टे तपासणं आपल्याला जड का जावं?