संपावर असलेले वडील

महेश मांजरेकर यांचा 'लालबाग परळ' हा चित्रपट २०१० साली प्रदर्शित झाला. त्याआधी, १९९७ मध्ये, तोच संसार जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकातून रंगभूमीवर आला होता. गिरणी बंद पडल्यावर लालबागच्या एका कामगार कुटुंबाचे काय होते, एवढीच त्याची कथा. वसतिगृहातील आमच्या तुकडीला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. आमच्यापैकी कित्येकांचे वडील मुंबई सोडून नाशिक जिल्ह्यातील आपापल्या गावी परतले होते, आणि ते परतले म्हणूनच आम्ही या शाळेत आलो. घरातले एक ताट कमी करण्याचा मानाचा मार्ग वसतिगृह हाच होता. स्मरणिकेत असे लिहू नये, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही.

संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. साठांच्या आसपास गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार आणि नेतृत्व डॉ. दत्ता सामंत यांचे. प्रश्न पगारवाढीपुरता नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच संघटनेकडे गेलेले प्रतिनिधित्व कामगारांना मान्य नव्हते. रोज सकाळी फाटकावर उभे राहून काम मिळते का ते पाहणाऱ्या बदली कामगारांना कायम करावे, हीही मागणी होती. आणि हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. इतिहासाच्या पुस्तकात हे एक वाक्य असते. आमच्या घरांत ती जगण्याची रीत झाली. शाळेच्या प्रवेशअर्जात 'पालकांचा व्यवसाय' असा रकाना असे. संपाला पाच-सहा वर्षे उलटली तरी आमच्यातील काहींचे वडील तेथे 'गिरणी कामगार' असेच लिहवीत. दिवसा ते निफाडकडच्या द्राक्षबागांत खपत किंवा मजूर नाक्यावर उभे राहत. आई सिन्नरला विड्या वळे. पण ते सारे तात्पुरते होते. वडील बेकार नव्हते, संपावर होते.

'बेकारी' हा शब्द न उच्चारता ती घरभर कशी वावरते, हे पवारांना पुरते ठाऊक होते. ते स्वतः गिरणगावातले. धुरूंच्या खोलीत एक मुलगा लेखक होऊ पाहतो, दुसरा क्रिकेटमध्ये बुडालेला असतो, तिसरा टोळीकडे ओढला जातो. मुलगी आहे, आणि या सर्वांना धरून ठेवणारी आई आहे. कोणीही दुसऱ्याला आपली भीती सांगत नाही. भांडण मात्र चहावरून, पैशांवरून, कोण किती वाजता उठला यावरून होते. हे आम्ही सुटीत घरी गेल्यावर पाहिलेले आहे. सीमा विश्वास यांनी चित्रपटातील आई उभी केली आहे. हिशेब जुळत नाही हे कळूनही तो पुन्हा करणारी ही बाई आम्हां प्रत्येकाला आपल्या घरची वाटली.

चित्रपटाबद्दल आमची तक्रार आहे ती पुढच्या भागाविषयी. नाटकाची सारी घुसमट खोलीच्या चार भिंतींत मावते. चित्रपट रस्त्यावर येतो आणि पिस्तुलांच्या आवाजात हरवतो. गिरणगावातील काही पोरे टोळ्यांत गेली, हे खरेच. पण बहुतेक घरांत गोळी सुटली नाही. तेथे केवळ वाट पाहणे होते, आणि ते पडद्यावर दाखविणे अधिक अवघड. आमच्या मते नाटक सरस आहे.

आणखी एक गोष्ट धुरूंच्या खोलीतून दिसत नाही. गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना पूर्वी विणकाम खात्यात प्रवेश नसे. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाची सबब. आणि पगार तर त्याच खात्यात अधिक. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातील मनमाड येथे, रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. आमचे आजोबा ज्या खात्यांत लागले, त्यांतील पगार कमी होता; गाठीला काही राहिले नाही. वडील परतले ते त्याच पायरीवरून. धुरूंकडे निदान मुंबईतली खोली उरली होती. त्या चाळीत आणखी खालच्या पायरीवरचे एक घर दाखविले असते, तर चित्रपट अधिक खरा झाला असता.

गिरणी कामगारांसाठी म्हाडाने सोडती काढल्या, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत असल्याचा पुरावा लागला. आमच्या एका सोबत्याच्या आईने पत्र्याच्या पेटीतून वडिलांचा गिरणीचा पास काढून दिला. वडील तोवर हयात नव्हते. पासाच्या कडा झिजल्या होत्या, पण त्यावरचा नंबर वाचता येत होता.

असे पास, पगारपत्रके, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या अजूनही अनेक घरांतील पेट्यांत पडून असतील. माजी विद्यार्थ्यांनी मूळ कागद आपल्याजवळ ठेवून त्यांच्या प्रती शाळेच्या ग्रंथालयाला द्याव्यात, अशी आमची विनंती आहे. आणि यंदाच्या स्नेहसंमेलनात 'अधांतर'चे वाचन व्हावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ठेक्यावर जाणाऱ्यांची मुले आज याच वसतिगृहात आहेत. त्यांच्या अर्जात तो रकाना अजून आहे.