बाबांच्या दोन चिठ्ठ्या

रोवणी आटोपली आणि बाबांचा गुडघा सुजला. तिरोड्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, "बीपी, शुगर?" म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "नाही जी." ते खरंच होतं. पण नागपूरला बसवलेली हृदयाची कृत्रिम झडप आणि तिच्यासाठी रोज संध्याकाळी घ्यायची ॲसेनोकुमारॉल, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, बाबांच्या लेखी आजारात मोडतच नाही. ऑपरेशन झालं, विषय संपला.

मेडिकलमध्ये मी नव्या चिठ्ठीसोबत नागपूरची चिठ्ठीही ठेवली. नवं औषध आणताना जुनी चिठ्ठी सोबत न्यायची, हा आमच्या घरचा शिरस्ता. फार्मासिस्टने दुखण्याची पट्टी उलटी केली. ठळक नावाखाली बारीक अक्षरात ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल लिहिलं होतं. "दादा, काकाजी रक्त पातळ व्हायची गोळी घेतात ना? मग ही संगं चालत नाही."

मला वाटलं, बाबांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा आकडा, नुकताच 2.8 आला आहे, झडपेच्या डॉक्टरांनी 2.5 ते 3.5 सांगितलाय, मग भीती कसली? त्यानेच समजावलं. ॲसेनोकुमारॉलमुळे रक्त उशिरा गोठतं. दुखण्याची गोळी प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही आणि वर जठराचं अस्तरही सोलते. त्यामुळे आयएनआर अगदी बरोबर असूनही पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. हा धोका अहवालाच्या आकड्यात दिसत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. झडपेचं ऐकताच त्यांनी गोळी बदलली: नुसती पॅरासिटामॉल, तीही मोजून, कारण ती जास्त प्रमाणात बरेच दिवस घेतली तर आयएनआर वाढवते. आठवड्याने रक्त तपासायला सांगितलं. फार्मासिस्टने चिठ्ठीतली औषधं एकमेकांशी ताडून पाहणं हे 2015च्या नियमांनुसार त्याचं कामच आहे. पण काउंटरवर गर्दी असताना ते मनापासून करणाऱ्याचं मोल मी जाणतो. त्यालाही दोन्ही चिठ्ठ्या दिसल्या म्हणून जमलं.

घरी बाबांचा हट्ट सुरू झाला, "गोळी नाही तर एक सुई टोचून आण." आमच्याकडे सुईवर भारी विश्वास. पण दुखण्याच्या सुईत बहुतेकदा डायक्लोफेनॅक असतं, म्हणजे त्याच जातीचं औषध, आणि रक्त पातळ असलेल्याच्या स्नायूत सुई टोचली तर आत रक्त साकळतं. हे मी त्यांना शेजारी बसून दोनदा सांगितलं. आता दवाखान्यात गेले की बाबा आधी झडपेचं सांगतात, गुडघ्याचं मग.